ज्योतीला आडोसा

पन्हाळ्याच्या तटावरचा वारा म्हशीची शिंगंसुद्धा सरळ करतो. तिथं सिगार पेटवायला चार हात लागायचे. काडी माझी, आडोशाला तळवे दोस्ताचे. दोस्त गेला. त्याच्या नावानं दर साली एक सिगार मी तिथं पेटवतो. गेल्या साली मात्र माझा महागडा लायटर चाळीसदा विझला आणि सिगार तशीच परत आणावी लागली.

म्हणून कोल्हापुरात महाद्वार रोडवरचा लायटरवाला गाठला. वीस वर्षांची ओळख, पण नाव ठाऊक नाही. हा गडी गिऱ्हाइकाचं तोंड बघत नाही, लायटर पेटवणारा अंगठा बघतो. टपरीतला टेबलफॅन तर असा, की इथं उडालेली टोपी पार रंकाळा तळ्यात सापडावी.

"पावणं, चकाकी बघू नगा," भारीतले लायटर बाजूला सारत तो म्हणाला. "ज्योत निळी पायजे आन् गॅस परत भरता आला पायजे. बास की!"

एक साधा, स्वस्त लायटर त्यानं फॅनपुढं पेटवला. ज्योत खिळ्यासारखी उभी!

"म्हणजे आता चार हात नकोत," म्हणत मी हसत हसत दोस्ताचं सांगितलं.

त्यानं पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडं बघितलं. लायटर माझ्या हातात दिला. "पेटवा," म्हणाला, आणि गरज नसताना ज्योतीभोवती स्वतःचे दोन्ही तळवे धरले.