सारख्या शेवटाच्या आयती

घरातल्या थोरल्या सुनेकडे गल्लीतल्या मुली कुराण पाठ करायला यायच्या. शिलाई मशीन भिंतीला सरकवून ती सतरंजी अंथरायची. आयतींच्या, कुराणातल्या ओळींच्या, शेवटांवर तिचा भारी जीव.

"ऊन, ईन, ईम... ऐका गं नीट! हा नाद जुळावा म्हणून शब्द कधी आपली जागासुद्धा सोडतात. आणि थांबताना शेवटचा स्वर गिळायचा, शेपटीसारखा लोंबत ठेवायचा नाही. 'गफूरुर रहीम', क्षमाशील, दयाळू, यावर कितीतरी आयती संपतात. तिथे बेसावध राहिलात की निघाल एका सुरेतून आणि पोचाल भलत्याच अध्यायात!"

धाकट्या जावेलाही तिनेच शिकवलं. पण धाकटी म्हणायला लागली की सासूबाई मिक्सर बंद करायच्या. थोरलीच्या वेळी त्यांना नेमकी भाजी निवडायची आठवण व्हायची.

मुलींच्या शाळेत पठण शिकवायला एक बाई हवी होती. थोरलीने किती वर्षं त्या जागेची वाट पाहिली होती. शाळेच्या मोठ्या बाई घरी ऐकायला आल्या तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "धाकटीचंही ऐका ना, काय बिघडतं?"

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिचं स्वतःचं पठण बिनचूक झालं. बाईंनी मान डोलावली, तीही बेताचीच.

मग धाकटी. एकीने म्हणायचं, दुसरीने चुकलं की टोकायचं, ही रीतच. बाईंनी डोळे मिटले. धाकटी 'गफूरुर रहीम'वर थांबली, श्वास घेतला आणि सरळ दुसऱ्या सुरेत शिरली.

थोरलीला तत्क्षणी कळलं. शब्द जिभेवर आला होता. तिने ओठ घट्ट मिटले. जाऊ दे, जाईल तितकी लांब!

थोड्या वेळाने धाकटी स्वतःच थबकली. "अगंबाई, वाट चुकले!" ती मागे आली आणि सगळं नीट पुरं केलं.

बाईंनी डोळे उघडले. "हिचं चुकलं, मला कळलं. तुम्हाला नाही कळलं?"

हो म्हणावं तर मनातलं काळं दिसणार. नाही म्हणावं तर इतक्या वर्षांचं शिकणं मातीत.

"नाही... लक्षात नाही आलं."

"असं कसं भाभी?" धाकटी भाबडेपणाने म्हणाली. "ही जागा तर तुम्हीच माझ्याकडून घोटून घेतलीत!"

बाईंनी थोरलीकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग धाकटीला म्हणाल्या, "सोमवारी या."

"भाभींना विचारते, त्या सोबत येतील का पहिल्या दिवशी," धाकटी म्हणाली.

"मला मुली असतात शिकवायला," थोरली म्हणाली आणि सतरंजी झटकायला लागली, जोरजोरात, बाई अजून तिथेच बसलेल्या असताना.