पलीकडच्यांना वकील नाही

हे मी आजवर कुणाला बोललेले नाही. नवरा होता तेव्हा त्याला नाही, मुलाला नाही, सुनेला तर नाहीच. देवापुढे बसते तेव्हा सगळ्यांचं भलं माग, गुडघे दुखतात ते सांग, असं चालू असतं — आणि ही एक गोष्ट आली की मी कापूर शोधायला उठते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसापुढे बोलायची छाती माझ्यात नाही, हेही आधीच कबूल करून टाकते.

आमच्या रावेर भागात मला पुष्कळ बाया अक्का म्हणतात. नात्याची अक्का नव्हे, कोर्टाची अक्का! शाळा माझी सातवीपर्यंत. पण एकदा आमच्या बचत गटाच्या बैठकीला तालुक्याच्या कोर्टातल्या एक बाई आल्या, म्हणाल्या, कोर्टात मोफत वकील मिळतो, आणि मी त्यांना इतके प्रश्न विचारले, इतके विचारले, की त्याच म्हणाल्या, मावशी, तुम्हीच या की शिकायला. गेले. चार बुकं वाचली, उरलेलं कान देऊन ऐकलं. गळ्यात कार्ड आलं — विधी स्वयंसेविका. ते नाव मला धड उच्चारता येईना. मालक जेवायला बसले की म्हणायचे, "वकिलीणबाई, आमच्या भाकरीचा निकाल कधी लागायचा?"

काम काय, तर बाईला कोर्टाच्या दारापर्यंत आणायचं. तिला वाटतं कोर्ट म्हणजे पैसा, कोर्ट म्हणजे अब्रू गेली. तिला सांगायचं, बाई, साध्या कागदावर अर्ज दे, लिहिता येत नसेल तर मी लिहिते, वकील सरकार देतं. कायद्यात बाईमाणसाला कमाई विचारतच नाहीत. हे मी चक्कीवर सांगितलं, हळदीकुंकवात सांगितलं, लग्नाच्या पंगतीत वाढता वाढता सांगितलं. एकदा एक सोन्यानं मढलेली बाई म्हणाली, "अक्का, माझ्या घरी तर दोन ट्रॅक्टर, मला कसा फुकट देतील?" मी म्हटलं, "ट्रॅक्टर नवऱ्याचे ना वं? तू बाई आहेस की ट्रॅक्टर आहेस?" बाया हसून हसून लोळल्या.

बघा, कशी सांगत बसले. हे चांगलं चांगलं सांगायला मला कधी अडचण पडत नाही.

आमची केळीची बाग आहे. बागेत एक खोली, आणि त्या खोलीत गुलसिंग आणि त्याची बायको सुमली राहायची. सातपुड्यातले पावरा लोक. गाव डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, म्हणजे मध्य प्रदेशात — पण पलीकडं म्हणजे काही परमुलूख नाही, त्यांचे पाहुणे अलीकडं, आमचे मजूर पलीकडं, असंच चालतं आमच्याकडे. गुलसिंग आमचा सालदार होता, वर्षाच्या बोलीवर ठेवलेला. ठिबक तोच बघायचा, केळीच्या बुडाशी फुटलेली पिलं तोच काढायचा, घड कापायच्या दिवशी गाडी भरेपर्यंत त्याच्या अंगावरचा सदरा चिकानं काळा झालेला असायचा. सुमली माझ्याशी बोलायला यायची. तिची मराठी मोडकी, माझी पावरी त्याहून मोडकी. दोघी हातवारे करून बोलायचो आणि दोघींना कळायचं.

पाण्याच्या मोटारीच्या पेटीला जी केबल जाते ना, ती उंदरांनी कुरतडली होती. वरून चिकटपट्टी गुंडाळलेली. गुलसिंगनं माझ्या मुलाला, बापूला, ते सांगितलं होतं. मी तिथंच होते, शेंगा निवडत. बापू म्हणाला, "हो रे, ही गाडी भरली की बघू." गाड्या भरत राहिल्या. बापू वाईट माणूस नाही हो — पण हे मी का सांगते आहे? त्याची बाजू कुणी विचारली आहे का?

एका सकाळी गुलसिंग मोटार चालू करायला गेला आणि पेटीपाशीच पडला.

पोलीस आले. बापूनं सांगितलं, प्यालेला होता साहेब, नशेत हात लावला. मी दारात उभी होते. त्या सकाळी गुलसिंगला चहा मी दिलेला, माझ्या हातानं. माझ्याशी नीट बोलला होता, बशीत ओतून प्यायला होता, बशी धुऊन पालथी घातली होती. गळ्यात त्याच्या गुरूची कंठी होती, दारू त्यानं केव्हाच सोडली होती. मला हे सगळं ठाऊक होतं. मला कुणी विचारलं नाही — आणि मी बोलले नाही. विचारलं नाही म्हणून बोलले नाही, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते. पण दारात उभ्या असलेल्या माणसाला तोंड असतं की नसतं?

तेवढंच असतं तर कदाचित मी आज सांगायला बसले नसते.

आम्ही सुमलीला ज्वारी दिली, लुगडं दिलं, पोरांना कपडे दिले. गाडी करून गावाला पोचवलं. लोक म्हणाले, किती केलं अक्कानं. मीही म्हटलं असेल मनात.

मग ती आली. डोंगर उतरून, धाकट्याला पाठीला बांधून, माझ्याकडे. घरी नाही आली बरं — कोर्टात आली. मी तिथं माझ्या खुर्चीवर, गळ्यात कार्ड. ती खाली बसायला लागली, मी तिला वर बाकावर बसवलं. म्हणाली,

"अक्का, तू बठ्ठ्या बायांना वकील देते. मले बी दे."

मी म्हटलं, "कशाला वं?"

"तो पियेला नव्हता. वकिलाला एवढंच सांगायचं. वायर खराब होती, तो पियेला नव्हता. पोरं मोठी होतील, त्यांना लोक बोलतील, तुमचा बाप दारूत मेला."

भरपाईचं नाव तिनं काढलं नाही. तिला तेही मिळालं असतं, मला माहीत होतं. पण ती त्यासाठी आलीच नव्हती.

आता मला जे सांगायचं आहे ते — थांबा. हे वाक्य मी मनात इतक्यांदा केलं आहे, आणि दर वेळी त्यात एखादा शब्द घुसतो, 'घाबरून' म्हणा, 'पोटच्या पोरासाठी' म्हणा. तसले शब्द काढून सांगते.

मी म्हटलं, "सुमले, तुमचं गाव पलीकडं. इकडच्या कोर्टाचा वकील इकडच्यांनाच मिळतो. पलीकडच्यांना नाही."

खोटं. पुरतं खोटं. जिथं घडलं तिथलं कोर्ट, गाव कुठलंही असो. आणि सुमली बाईही होती, आदिवासीही होती — कायद्यानं तिला दोन्ही बाजूंनी वकील मिळत होता. त्या खोलीत त्या दिवशी तिच्याइतका हक्क दुसऱ्या कुणाचाच नसेल. हे तिला सांगण्यासाठीच तर सरकारनं मला ती खुर्ची दिली होती!

ती म्हणाली, "पण मेला तर इकडंच ना?"

मी म्हटलं, "नियम आहे, काय करणार." आणि तिच्या पोराच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला.

तिनं मान हलवली. वाद घातला नाही, कारण सांगणारी मी होते. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर ती चार दारं फिरली असती. माझ्यानंतर तिला दार उरलं नाही.

बापूनं मला यातलं काही शिकवलं नव्हतं. तो त्याबद्दल बोललासुद्धा नव्हता. त्याला आजही ठाऊक नाही ती आली होती ते. माझं मीच केलं.

पुढं वर्षं गेली. मी खोटं बोलले म्हणून काही कोसळलं नाही, हेच तर भयंकर वाटतं कधी कधी. बाया येत राहिल्या, वकील मिळत राहिले. कुणाची पोटगी झाली, कुणाला घरात राहायला मिळालं. मालक गेले. बापूनं सगळ्या केबली बदलल्या, जमिनीखालून नळीतून नेल्या. कोर्टातल्या लोकांनी मला चारचौघांत बोलावून शाल दिली. शाल घेताना मला सुमली आठवली का? खरं सांगू — नाही आठवली.

मग एकदा डोंगराच्या पायथ्याच्या गावी शिबिर ठेवलं, आठवडी बाजाराच्या दिवशी, म्हणजे दोन्हीकडच्या बाया सापडतात. बरोबर एक नवीन वकीलबाई होत्या, कोवळ्या, नुकता काळा कोट चढलेला. शाळेच्या पडवीत बाया बसल्या. कुणी मिरच्यांची पिशवी मांडीवर, कुणी कोंबडी पदराखाली. वकीलबाई बोलत होत्या आणि बाया आपापसांत हसत होत्या. शेवटी एक म्हातारी म्हणाली, "बाई, घसा नको कोरडा करू. हे तुमच्या गाववाल्यांचं. पलीकडच्यांना वकील नाही."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. जशी पावसाळ्यात नदीला पूर येतो ही माहिती असावी, तशी.

वकीलबाई म्हणाल्या, "असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"बठ्ठ्यांना माहीत आहे."

आणि मग एकेक बोलायला लागल्या. एकीला नवऱ्यानं घराबाहेर काढलं होतं, ती कोर्टात गेलीच नाही, कशाला जायचं, आपल्याला मिळत नाही. एकीचा भाऊ आत होता, त्याच्यासाठी कुणी विचारलंच नाही. माझं ते एक वाक्य — बाकावर बसून, बिस्किटाच्या पुड्यासकट बोललेलं — डोंगर चढून गेलं होतं, आणि गावोगाव जाऊन बसलं होतं.

मागून एक बाई उठली. केस पांढुरके झालेले. मी ओळखलं नाही आधी. तिनं मला ओळखलं होतं, आणि तिच्या तोंडावर ओळखीचा आनंद होता हो! सगळ्यांना म्हणाली, "ह्या अक्कानंच सांगितलं होतं. खोटं कसं असंल?"

वकीलबाई माझ्याकडे वळल्या. पडवी माझ्याकडे वळली.

आता तरी? देवानं इतकं समोर आणून ठेवल्यावर तरी?

मी म्हटलं, "तेव्हा तसं होतं. आता नियम बदलला आहे. आता सगळ्यांना मिळतो."

पहिलं खोटं बोलताना माझी जीभ तरी अडखळली होती. हे सुरळीत आलं.

सुमली म्हणाली, "म्हणजे माझ्या वेळी नव्हता?"

"नव्हता."

तिनं श्वास सोडला. मग शेजारणीला, मला नाही, शेजारणीला म्हणाली, "बघ. मले वाटायचं, मीच नीट विचारलं नाही. पुन्हा एकदा जायला पाहिजे होतं, मीच नाही गेली." आणि खाली बसली, हलकी होऊन. इतकी वर्षं ती स्वतःला बोल लावत होती, आणि मी तिला त्यातून सोडवलं — आणखी एक खोटं देऊन.

परतताना जीपमध्ये वकीलबाईंनी विचारलं, "अक्का, नियम कधी बदलला हो? मला वाचलेलं आठवत नाही." मी डोळे मिटून घेतले, झोप लागल्यासारखं केलं. वय झालं की लोक झोपू देतात.

नियम बदललेला नाही. मी शिकले तेव्हाही तोच होता. आणि उशीर झाला म्हणून घरी बसू नका, उशिराचं कारण लिहून अर्ज करा, निदान विचारून तरी बघा — हे मी किती बायांना सांगितलं आहे. त्या पडवीत सुमली माझ्यापासून दोन हातांवर होती. तिला नाही सांगितलं. अजूनही नाही.

आता पलीकडच्या बाया येतात. पायी येतात, काळीपिवळीत दाटीवाटीनं येतात. दारात चपला काढायला लागतात, मी म्हणते, राहू द्या, कोर्ट आहे, देऊळ नाही. कुणी पाठवलं म्हटलं की नाव बहुतेक वेळा एकच. ती बाजारात, पाण्यावर, मयतीच्या घरी, भेटेल त्या बाईला सांगते, जा, घाबरू नको, फुकट आहे, अक्का चांगली आहे. माझ्यापेक्षा चांगलं सांगत असेल.

परवा एक पोर आली, कपाळावर टाके. म्हणाली, "सुमलीमावशीनं पाठवलं. ती म्हणे, माझ्या वेळी नियम नव्हता, तुझ्या वेळी आहे, जाऊन ये."

मी तिला पाणी दिलं. अर्ज लिहिला, वाचून दाखवला, अंगठा घेतला, वकीलबाईंकडे नेऊन बसवलं. निघताना ती दारात थांबली. संध्याकाळी मावशीकडेच मुक्काम आहे म्हणाली, मावशीला काही निरोप द्यायचा का?

मी म्हटलं, काही नाही.