माझ्या शिफ्टचा रिलीव्हर

मौद्याच्या स्टँडवर एसटीत चढलो तेव्हा माझ्या मांडीवर आईच्या वाकळीत गुंडाळलेला मॉनिटर होता. कंडक्टरनं त्याच्याकडे पाहून विचारलं, "याचं हाफ तिकीट फाडू काय?" सगळी गाडी हसली, मीही हसलो. खाली बाबा उभे होते, ते हसले नाहीत. वीजकेंद्रात त्यांची दुपारची ड्युटी होती, त्यामुळे युनिफॉर्म घालूनच आले होते. "पोचला का फोन कर," एवढंच म्हणाले. आईनं खिडकीतून जवसाच्या चटणीचा डबा दिला आणि तोंड फिरवलं.

पुण्याला, हैदराबादला, त्याहून लांब गेलेले माझे मित्र हे वाचून हसतील. मौदा ते नागपूर, तासाभराची वाट, याला काय गाव सोडणं म्हणायचं? हसा बापहो. पण मौद्यातच राहिलेल्यांनो, तुम्ही हसू नका, कारण मला तुम्हीच घालवलंत. माझी कंपनी बंगलोरची, काम घरूनच. आणि आपल्याकडे दिवसा घरी दिसणारा माणूस म्हणजे रिकामाच. कोणी माझ्याकडून लाइट बिल भरून घ्यायला यायचं, कोणाला गॅसचा नंबर लावून पाहिजे. आई म्हणायची, "पोट्ट्याले काम करू द्या वं बाई," पण तिचाही पूर्ण विश्वास नव्हता. शेवटी नागपुरात मानेवाड्याला एक खोली घेतली. म्हटलं, आता निवांत काम होईल.

निवांतपणा असा मिळाला की दुपारी माझाच आवाज ऐकायला मी मोठ्यानं खोकून पाहायचो. घरमालक खाली राहतात, दुकानावर जातात. कंपनीतली माणसं मीटिंगपुरती दिसतात, तीही कॅमेरा बंद ठेवून. मग मी नादी लागलो प्लगिनच्या. ज्यात आम्ही प्रोग्राम लिहितो त्याला एडिटर म्हणतात, आणि त्याला वरून जोडायचे सुटे भाग म्हणजे प्लगिन. कामाचे दोनचार सगळेच लावतात. मी मात्र बाजार मांडला. एक कंसांना रंग देणारं, एक ओळी आपोआप नीट लावणारं, एक "पाणी प्या" सांगणारं. एक तर असं की स्क्रीनच्या खालच्या कडेनं मांजर फिरतं, चेंडू टाकला की धावतं. त्या मांजराशी मी बोलायचो, हे घरी कोणाला सांगू नका.

एडिटर इतका जड झाला की उघडेपर्यंत चहा व्हायचा. तेव्हा निवड करणं आलं. एकेक काढत गेलो. मांजर काढताना वाईट वाटलं, ते का वाटलं याचा जास्त राग आला. पण एक प्लगिन काही काढवेना. कोडच्या, म्हणजे लिहिलेल्या प्रोग्रामच्या, ओळीवर गेलं की ती कोणी लिहिली आणि कधी, हे ते शेजारी पुसट अक्षरांत दाखवतं. माझ्या कामात जागोजागी एकच नाव होतं, स्नेहल. मी लागलो त्याआधीच नोकरी सोडून गेलेलं माणूस. बाई की पुरुष तेही मला माहीत नाही. पण स्नेहल सोमवारी मोठमोठी कामं उरकतं, शुक्रवारी चुका करतं, हे मला पाठ झालं होतं. रोज सकाळी त्या नावाशेजारी बसलं की खोलीत कोणीतरी आहे असं वाटायचं.

मग कंपनीनं सांगितलं, जुना कोड नव्यानं लिहा. लिहिणं माझं कामच, लिहिला. आपल्या स्वतःच्या ओळीपुढे ते प्लगिन नाव लिहीत नाही, इंग्रजीत नुसतं 'यू', म्हणजे 'तू', लिहितं. पाहता पाहता स्नेहल पुसलं गेलं आणि वरपासून खालपर्यंत यू, यू, यू. त्या आठवड्यात मी फार उदास होतो. आईला मात्र फोनवर "मस्त चालू आहे" सांगितलं.

रिटायर झाल्यावर बाबा एकदा मुक्कामाला आले. सकाळी मी कामाला बसलो तसे मागे खाटेवर बसले. टीव्ही लावला नाही, पेपर उघडला नाही. जन्मभर कंट्रोल रूममध्ये बसलेला माणूस, बसायची सवय होती. दुपारी चष्मा वर करून स्क्रीनकडे वाकले.

"हे यू यू काय हाय गा? कोणाले म्हणून राहिला हा?"

"मलेच," मी म्हणालो.

सहा वाजता मी लॅपटॉप मिटला, तशी त्यांनी दाराकडे मान वळवली. "तुहा रिलीव्हर कोण?" म्हणाले. त्यांच्या केंद्रात पुढच्या शिफ्टचा माणूस आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही, मग दिवाळी असो की घरी कोणी आजारी असो. आलेल्या माणसाला तोंडानं सगळं सांगायचं, कोणता पंप चालू, कोणता आवाज करतोय. तो "घेतला चार्ज" म्हणाला की सुटका. मी म्हटलं, "आमच्यात तसं नसते, बाबा. कोणीच येत नाही."

"मंग तू सुटतं कवा?"

डोळे भरून आले, म्हणून उठून गॅसवर भात टाकला.

ते मौद्याला परतले त्या दिवशी सहा वाजता त्यांचा फोन आला. "हं, सांग." मग सांगितलं: एक चूक सापडली, एक सापडली नाही, एक प्लगिन काढलं. त्यांना त्यातलं काही समजलं नसणार. "हाव, हाव," करत ऐकलं आणि म्हणाले, "घेतला चार्ज. जेवून घे आता." त्या दिवसापासून हे रोजचंच झालं. घर म्हणजे काय, असं आता कोणी विचारलं तर मी मौद्याची वाट सांगत नाही. संध्याकाळी आपला चार्ज घेणारं कोणी असलं की झालं, असं म्हणतो. खोली तशीच रिकामी आहे. दिवस अजूनही लांबच वाटतो.

परवा माझं सांगून झालं आणि सहज विचारलं, "बाबा, तुमचं?"

"माह्यापाशी काय राहते सांगायले? सकाळी मोटर लावली, बंद केली. तुही आई मंदिरात गेली. दुपारी कोणी आलं नाही. सगळं नॉर्मल."

त्यांनी फोन ठेवायची मी वाट पाहत होतो, ते ठेवेनात. त्यांचा श्वास ऐकू येत होता. केव्हाचा रिटायर झालेला माणूस, त्याला सोडवायला अजून कोणी आलंच नव्हतं.

"घेतला चार्ज, बाबा," मी म्हणालो.

"हाव," ते म्हणाले, आणि मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.