तीन तळ्यांचं पाणी

मी लेखक नाही. आमच्या बंजारा तांड्यातून कॉलेजात गेलेला पहिला मुलगा, एवढीच माझी पात्रता. तेवढ्यावर लोकांना वाचायला लावावं का, याचा बरेच दिवस विचार केला. चुकलो तर माफ करावं. एकदा खोटं बोललो होतो, ते तरी नीट सांगावं म्हणून लिहितो.

साठ-एकसष्टची गोष्ट असेल. यवतमाळला इंटरची परीक्षा देऊन मी दारव्ह्याकडच्या आमच्या तांड्यावर आलो होतो. निकाल लागला की सोबती कार्ड टाकणार होता. कार्ड येईना. याडी, म्हणजे माझी आई, हिवतापानं पडलेली. ताप चढला की एकच विचारायची, "लागला का रे निकाल?" (घरी आम्ही गोरबोली बोलायचो, इथं मराठीत लिहितो.) एका दुपारी तिला पाणीही गिळवेना, तेव्हा मी बोलून गेलो, "लागला. पास झालो."

संध्याकाळी ती उठून बसली. अर्धी भाकर खाल्ली आणि म्हणाली, "मंग उद्या निशाण बांधून ये. म्या नवस बोलला होता."

आमचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य वाहून नेत. त्यांच्या वाटेवर बैलांसाठी खोदलेली तीन तळी आहेत, आणि पुढं डोंगराच्या माथ्यावर देवाचा ओटा, त्यावर निशाणाची काठी. नवस पुरा झाला की ज्याच्यासाठी बोलला त्यानं एकट्यानं अनवाणी जायचं, प्रत्येक तळ्यातलं ओंजळभर पाणी लोट्यात घ्यायचं, वर नेऊन काठीच्या बुडाशी ओतायचं आणि पांढरं निशाण फडकवायचं. डोंगर समोर पाहिला तर कोसभर. तळ्यांवरून वळसा तीन कोसांचा.

पहाटे लोटा आणि निशाणाचं कापड घेऊन निघालो. पहिल्या तळ्यात म्हशी बसल्या होत्या. कडेचं जरा निवळ पाणी घेतलं. दुसरं तळं आटून भेगाळलं होतं. तिथलं पाणी घेतल्यावाचून पुढं जाता येत नव्हतं, म्हणून हातानं उकरू लागलो. पळसाखाली बकऱ्या चारणारा एक म्हातारा बसला होता.

"काहून रे, अंगात पॅन्ट अन् पायात काईच नाही? कॉलेजात चपला घालू देत नाही काय?"

"नवस आहे, बाबा. पास झालो."

"मंग तोंड नापास झाल्यावानी काहून केलं?"

मी पुन्हा उकरू लागलो. तो हसत उठला आणि काठीनं बांधाजवळची जागा दाखवली. "तिथं खांद. माह्या बकऱ्या रोज तिथंच हुंगतात." हातभर खोदल्यावर पाण्याचा झिरा लागला.

तिसरं तळं पायथ्याशी, खोल आणि हिरवं. पुढं चढ. सागाची पानं गळालेली, सावली कुठंच नाही, दगड तापलेले. लोटा सांडू नये म्हणून एका हातानं धरत-धरत चढलो. दोनदा बसलो.

माथ्यावरून तिन्ही तळी दिसत होती, आमचा तांडाही. पाणी ओतलं. मग निशाण हातात घेतलं आणि थांबलो. याडीशी बोललो ते तिच्या तापासाठी होतं. इथं निशाण फडकवायला धीर होईना. कापड काठीला गुंडाळलं आणि वरून सुतळी बांधली. निकाल कळल्यावर सोडू, असं ठरवलं.

घरी आल्यावर याडीनं विचारलं, "बांधलं?"

"बांधलं," मी म्हणालो. हे तरी खरं होतं.

सकाळी ती काठी टेकत तांड्याच्या टोकाला गेली. कपाळावर हात धरून बराच वेळ डोंगराकडं पाहिलं.

"निशाण दिसून नाही राह्यलं."

"वारा नसंल, याडी."

"असंल," म्हणाली आणि परत फिरली. पुढचे तीन दिवस ती रोज टोकापर्यंत जाऊन येई. विचारलं मात्र काहीच नाही.

पाचव्या दिवशी दुपारी पोस्टमन कार्ड देऊन गेला. मी ते खिशात ठेवलं; याडीला सांगण्याआधी निशाण सोडायचं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे चपला दाराशीच ठेवून, लोटा घेऊन निघालो. याडी खाटेवर जागीच होती.

"काय रे, वारा सुटला वाटते?"

मी परत आत आलो आणि रॉकेलच्या चिमणीजवळ बसून कार्ड तिला वाचून दाखवलं. सोबत्यानं लिहिलं होतं, "पास झालास. तुझा नंबर तिसऱ्या वर्गात आहे. दोनदा पाहिला."