सुरेशची शेवटची कमांड

"फक्त ग्राफ चालू करा, बाकी कशाला हात लावू नका," मॅनेजर फोनवर म्हणाले.

दिंडोरीतलं द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज. तापमानाचा ग्राफ अडकला म्हणून मला नाशिकहून बोलावलं होतं. शेजारी ऑपरेटर भाऊसाहेब उभे होते. या कॉम्प्युटरवर आधी त्यांचा धाकटा भाऊ सुरेश बसायचा. रूम तीनमध्ये बर्फ वितळवणाऱ्या हीटरचा शॉक लागून तो गेला. हीटर बंद न करता हात घातला, बेफिकीर होता, असं म्हणून मॅनेजर मोकळे झाले. त्याच्या लॉगिनवर त्यानंतर आज मीच बसलो होतो.

व्हॉट्सअ‍ॅपवरून ग्राफ चालू करायची कमांड कॉपी करून टाकली. परवानगी नाही, असं उत्तर आलं. अशा वेळी आम्ही आळशी लोक sudo !! मारतो. sudo म्हणजे अ‍ॅडमिनचा अधिकार, दोन उद्गारचिन्हं म्हणजे मघाचीच कमांड. सवयीने एंटर मारलं, पासवर्डही टाकला. मग वर पाहिलं.

sudo ./heater3 off

ही कमांड माझी नव्हती. रूम तीनकडून खट् आवाज आला.

"साहेब, तीनचा हीटर कोणी बंद केला?" भाऊसाहेबांचा आवाज बारीक झाला होता.

कारण सापडलं. पेस्ट करताना सुरुवातीला एक स्पेस आली होती, आणि स्पेसने सुरू होणारी ओळ हे मशीन लक्षात ठेवत नाही. मशीनच्या लेखी मघाची कमांड म्हणजे सुरेशची शेवटची कमांड होती.

हिस्टरीत, म्हणजे आधीच्या कमांडच्या यादीत, त्याची ओळ होती, पण sudo शिवाय. म्हणजे मशीनने त्यालाही परवानगी नाकारली असणार. ते न वाचताच तो उठून आत गेला असणार.

"भाऊसाहेब, सुरेशने हीटर बंद करायची कमांड दिली होती. मशीनने ऐकलं नाही."

त्यांनी स्क्रीनवरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. "आईला सांगतो. बेफिकीर म्हनले ना त्याला, त्याच्यापायी लय रडती ती." मग हळूच विचारलं, "आता तरी बंद झाला ना?"

"झाला."

मॅनेजरना स्क्रीनचा फोटो पाठवला. पुन्हा कोणी सुरेशला बेफिकीर म्हटलं नाही. मी अजूनही sudo !! मारतो, पण वरची ओळ वाचून. मशीन नाही म्हणतं ते एकदाच, आणि आवाज न करता.

भाऊसाहेबांनी मात्र त्या दिवशी आधी मेन स्विच पाडला, मगच रूम तीनचं दार उघडलं.