हळदीच्या दिवशी नवी आवृत्ती

लॅपटॉप उत्तम चालत होता, म्हणून मी तो सुधारायला घेतला.

दिवस कोणता? पुतणीच्या हळदीचा! आमच्या बदलापूर गावात लग्नापेक्षा हळद मोठी. थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, बाहेरचा डीजे न ठरवता गाणी आणि पडद्यावरचे फोटो माझ्यावर सोपवले होते. (घरातला एकमेव कॉम्प्युटरवाला, तोही विंडोज सोडून लिनक्स वापरणारा!) अख्खं गाव येणार, दादाची इज्जत माझ्या हातात.

दुपारी स्क्रीनवर चौकट उगवली : नवी आवृत्ती उपलब्ध. झालं! बोटं शिवशिवायला लागली. एका जागी बसवेना.

हळद कालवता कालवता बायको ओरडली, "अहो, हात लावू नका हां त्याला!"

"अगं, नवीन आलंय!"

"मसाल्यासारखं असतं ते, असं तुम्हीच सांगितलंत ना परवा?"

सांगितलं होतं खरं. उन्हाळ्यात वर्षाचा मसाला एकदाच कुटायचा, चव बघून बरणी बंद करायची. लिनक्सची आवृत्तीही तशीच. शेकडो प्रोग्राम एकमेकांशी जुळवून, तपासून, नंबर देऊन बाहेर काढतात. पुढे फक्त चुका दुरुस्त करतात, चव बदलत नाहीत. काही आवृत्त्यांना थोडेच महिने दुरुस्त्या मिळतात, काहींना कित्येक वर्षं. माझी कित्येक वर्षंवाली. दुरुस्त्या बंद व्हायच्या आधी, निवांत दिवस बघून, सगळ्याची कॉपी ठेवून नवी घ्यायची.

"मग पाहुणे दारात असताना नवी बरणी कोण उघडतं?"

"अर्ध्या तासाचं काम गं!" म्हणत मी बटण दाबलं.

संध्याकाळी मांडव भरला. फोटो झकास, आवाज गायब! मी वायर काढली, घातली, लॅपटॉप बंद केला, चालू केला, शेवटी हात जोडले.

"गानी लाव ना रं! पोरीला पाटावं बसवलीय!" दादा घामाघूम.

"नव्या आवृत्तीला स्पीकर सापडत नाहीये, दादा."

"जुनीला सापडत व्हता?"

"हो."

"मंग बदललीस कशाला?"

मी पुन्हा वायर काढून घातली. दादाचा चेहरा एवढासा झाला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात आमची आत्या उठली. हळदीचे धवले, म्हणजे लग्नविधीची पारंपरिक गाणी, गाणारी गावातली जुनी बाई. डीजे आल्यापासून तिला कुणी विचारत नव्हतं. "सरक रं तिकरं!" म्हणत तिने मला ढकललं आणि असा सूर लावला की बायकांनी मागून ओळी उचलल्या, पुतणी हसता हसता रडली, दादानेही डोळे पुसले.

तेव्हापासून गावात माझा भाव वधारलाय. कालच, लेकीची हळद तोंडावर आलेले एक काका घरी आले, हळू आवाजात म्हणाले, "पोरांनी ऐकला नाय, डीजे ठरवलाय. तू तेवरा त्याचा लॅपटॉप अपडेट करून दे!"