डबडूच्या सिनेमाला किती रेघा

चार म्हातारे आणि वीस लेकरं एका पडद्यापुढं बसली, की सिनेमा तासाभरात संपतो, पण त्यावरचं बोलणं महिनाभर पुरतं. त्यातलं थोडं सांगतो.

आमच्या मुदखेडच्या सुवर्णानं दोन वर्षं घरात बसून कार्टूनचा सिनेमा बनवला. दूरच्या ग्रहावर एकटी राहिलेली एक पोरगी आणि तिला घरी पोचवायला निघालेलं डबडू नावाचं जुनं यंत्र. सुवर्णाचा बाप नामदेव. तो आणि मी रेल्वेत रूळ बदलणारे पॉइंट्समन होतो. त्यानं लेकीला बजावलं होतं, "लेकरं शेवटपर्यंत बसली न्हाईत, तर हे सोडायचं आन बँकेच्या नोकरीचा फॉर्म भरायचा!"

म्हणून दर रविवारी दुपारी विहाराच्या हॉलमध्ये खिडक्यांना सतरंज्या लावून ती आम्हाला सिनेमा दाखवायची आणि मग त्यात दुरुस्त्या करायची.

*

सगळ्यांना तिनं कागद दिले. कुठं हसलात, कुठं कंटाळलात, ते लिहायचं. मी चौथी शिकलेला. मला म्हणाली, "आबा, तुम्ही दारापाशी बसा. लेकरू कंटाळलं की त्याला लघवी लागते. बाहेर गेलं की एक रेघ मारा."

पहिल्या रविवारी सतरा रेघा झाल्या! वही बघून सुवर्णा म्हणाली, "ही शाळा हाय का सिनेमा?" आणि मधली दहा मिनिटं तिनं कापून टाकली.

*

आमचे गंगाराम रिटायर गार्ड. त्यांनी कागदावर एवढंच लिहिलं : 'यान सुटताना झेंडी दाखवली नाही. ड्रायव्हर सस्पेंड.'

सुवर्णा म्हणाली, "काका, तिथं हवाच न्हाई, झेंडी फडकंल कशी?"

"मग बत्ती दाखव! आभाळात गेलं म्हणून काय नियम सुटला?"

पुढच्या रविवारी यानाला हिरवी बत्ती मिळाली. गंगाराम उठून उभे राहिले!

*

शेवंताबाईंना सिनेमातली पोरगी गोळ्या खाते ते बघवेना. "लई दिवसाची आजारी दिसून राहिली गं!"

"न्हाई आजी, तेच तिचं जेवण."

"आन कोरड्यास काय गोळीसंगं? भाजी, वरण, काईच न्हाई?"



*

डबडूची बॅटरी संपते तिथं माझी नात उठून दाराशी आली. पाच वर्षांची. मी पेन्सिल उचलली, तर तिनं माझा हात धरला. "आबा, रेघ मारू नको. मला लघवी न्हाई आली. रडायला चालले."

मी पेन्सिल खाली ठेवली.

*

नामदेव दर रविवारी यायचा, पण पडद्याकडं पाठ करून माझ्याजवळ बसायचा. कागदावर कधी काही लिहिलं नाही.

शेवटच्या रविवारी हॉल गच्च भरला. आया, बाप, कडेवरची लेकरं. वहीत एकही रेघ नव्हती. बंद पडलेल्या डबडूला ओढत पोरगी यानाकडं निघाली, आणि लाइट गेली!

लेकरं उठली. दोघी-तिघी चपला शोधायला लागल्या. सुवर्णा प्रोजेक्टरवर हात ठेवून नुसती उभी राहिली.

तेवढ्यात माझ्या शेजारून नामदेव उठला. "बसा रे. पुढचं म्या सांगतो."

त्यानं खिडकीची सतरंजी बाजूला केली आणि उजेडात उभा राहिला. दोन वर्षं घरात लेकीच्या मागून त्यानं सगळं बघितलेलं असणार. पोरगी डबडूला कशी ओढते, ते वाकून दाखवलं. चढण केली, यानाचं दार केलं. डबडूच्या घोगऱ्या आवाजात बोलला. पोरगी दारात थांबून मागं बघते, तिथं तोही थांबला. हॉलमध्ये कुणी हललं नाही. चपला हातात घेतलेल्या बायाही खाली बसल्या.

आता डबडूचा डोळा उघडणार, एवढ्यात लाइट आली. पडदा उजळला, वाजंत्री सुरू झाली.

"ए, बंद करा ते!" लेकरं ओरडली. "आजोबा सांगून राहिलेत!"

सुवर्णानं वायर उपटली आणि लेकरांत जाऊन बसली.